मखमली डबीतल्या पाटल्या

सांगू की नको, सांगू की नको, असं करत मी आठ दिवस काढले. पण मेहरूणमधल्या निम्म्या बायांनी माझा पराक्रम मोबाइलवर बघितलाच आहे. मग उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळू द्या. चहा घ्या हातात. आणि हसायचंच असेल तर आधी घोट गिळा, मग हसा. फरशी आत्ताच पुसली आहे.

तर आमची गल्ली मेहरूण तलावाच्या अलीकडे. गल्लीत कुणाकडे पाहुणे उतरले, कुणाचा फ्रीज बिघडला, कुणाच्या सुनेला उलट्या होतात, हे लताकाकूला म्हणजे मला सगळ्यात आधी कळतं. लोक याला चौकशा म्हणतात. मी काळजी म्हणते. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण सोन्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं काम नाही. अहो, माहेर साक्रीचं असलं तरी तीस वर्षं झाली जळगावात नांदतेय! लोक कुठून कुठून गाड्या करून आमच्या सराफ बाजारात येतात. इथली बाई डोळे मिटून सांगते, खरं कोणतं आणि खोटं कोणतं.

हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा. माझी पुढची सगळी फजिती याच वाक्याने केली.

झालं असं, की समोरच्या घरातली सून प्रियंका एका सकाळी दारात आली. गोड पोरगी. आमच्या मुलाचं, मयूरचं लग्न तिनेच जमवलं, धुळ्याच्या तिच्या सख्ख्या मावशीची मुलगी, ऋतुजा. येत्या रविवारी साखरपुडा होता.

"काकू, उद्या दुपारी आमच्याकडे पार्टी आहे. यायचं हं."

थंडीचे दिवस. या दिवसांत जळगावात पार्टी म्हटली की भरीत-पुरी. मी लगेच विचारलं, "वांगी कुठली आणली?"

"वांगी नाही हो काकू, ज्वेलरी पार्टी! धुळ्याच्या कीर्तीताई येणार. इन्स्टाग्रामवर केवढं नाव आहे त्यांचं. घरीच बसायचं, दागिने घालून बघायचे, आवडले तर घ्यायचे. चहा-चिवडा आपला."

माझ्या कपाळावर आठ्या. दागिने काय भाजी आहे, दारात येऊन विकायला? आणि सोन्याच्या गावात येऊन धुळ्याची बाई दागिने विकणार? मला ठाऊक आहेत हे प्रकार. आधी तुम्ही घ्या, मग तुम्हीच विका, मग तुमच्या नणंदेला विकायला लावा, मग नणंद तुमच्याशी बोलायची बंद! मोबाइलवर हसणाऱ्या बायांवर माझा काडीचा विश्वास नाही. मोबाइलवरचा फक्त आमच्या भजनी मंडळाचा ग्रुप मी मानते. तिथे कामाचं येतं.

मी ठरवलं, जायचं. घ्यायला नाही, तर त्या बाईचं बिंग फोडायला. गल्लीची जबाबदारी कुणीतरी घ्यायला नको का?

आणि जायचं तर कसं? खरं सोनं घालून! कपाट उघडलं, मखमली डबी काढली आणि सासूबाईंच्या पाटल्या हातात चढवल्या. सासूबाईंनी जाताना माझ्या हातात घालून सांगितलं होतं, "लता, हाई तुन्या सूनना हातमा जायाले पाहिजेत." रविवारी त्या ऋतुजाच्याच हातात जाणार होत्या. म्हटलं, तत्पूर्वी गल्लीला एकदा दर्शन घडू दे.

प्रियंकाच्या हॉलमध्ये वीसेक बाया. मध्ये एका काठीवर मोबाइल, त्याच्यामागे गोल दिवा. खाली लाल कापडावर ताटं मांडलेली, हार, झुमके, बांगड्या, पाटल्या. आणि ती कीर्ती. पस्तिशीची, सुती साडी, गळ्यात काहीच नाही. दागिने विकते आणि गळा मोकळा! माझा संशय तिथेच पक्का झाला.

"नमस्कार ताईंनो, आज आपण जळगावमध्ये आहोत," ती मोबाइलशी बोलत होती. "हे सोनं नाही, आधीच सांगते. पितळ आहे, वर मुलामा आहे. पाणी-साबण लागलं तर रंग जाणार."

आता यात बिंग काय फोडायचं? तिने आपणच फोडून ठेवलं! पण मी काय माघार घेणारी आहे?

"का गं बाई, तुझ्या वर कोण आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे साखळीत! तुझ्या वर कोण, खाली कोण?"

"वर कोणी नाही काकू. खाली फक्त स्कूटी उभी आहे."

बाया खिदळल्या. मला ते लागलं. मी सरळ दोन्ही पाटल्या काढल्या आणि हात उंच केला. "हे बघा! याला म्हणतात सोनं! सासूबाईंच्या सासूबाईंनी घडवलेलं. ही चकाकी बघा. आणि वजन बघा, वजन!"

पाटल्या या हातातून त्या हातात गेल्या. कोपऱ्यातल्या आक्का म्हणाल्या, "हां, हाई शे सोनं!" कुणी म्हणालं, "खरं ते खरंच." मी एक पाटली फरशीवर वाजवून आवाजसुद्धा ऐकवला. शेवटी पाटल्या कीर्तीच्या हातात गेल्या. तिने उलटून बघितल्या, जरा थांबली, माझ्याकडे बघून हसली.

"छान आहेत काकू. जपून ठेवा."

बस्स, एवढंच. ताटावरूनच तिने त्या परत केल्या, मी हातात घातल्या, तीन वाट्या चिवडा खाल्ला आणि विजयी मुद्रेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायला बसले. पाटल्या तशाच हातात राहिल्या होत्या. त्या जरा वर सरकवल्या आणि बघते तर काय? मनगटावर काळं-हिरवं वळं!

साबणाने घासलं. वळं थोडं गेलं आणि त्याच्याबरोबर पाटलीचा रंगही गेला. खालून पितळ डोळे वटारून माझ्याकडे बघायला लागलं.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. ती कीर्ती थांबली होती! हसली होती! "जपून ठेवा" म्हणाली होती! ताटावरून परत दिल्या तेव्हाच बदलल्या, दुसरं काय? वीस बायांच्या देखत, दिव्याच्या उजेडात! आणि रविवार दोन दिवसांवर!

"काय पडलं गं?" आमचे हे आतून ओरडले.

"पातेलं!" मी म्हटलं. यांना खरं सांगायची सोय नाही. निवृत्त झाल्यापासून यांना ऐकू कमी येतं, म्हणून हे स्वतः इतक्या मोठ्याने बोलतात की घरातलं गुपित तलावाच्या पलीकडे पोचतं.

मी पदर सावरत प्रियंकाकडे धावले. चेहरा हसरा ठेवून विचारलं, "काय गं, ती तुझी कीर्ती आज कुठे असेल?"

"आज धुळ्याला काकू. मावशीकडेच पार्टी आहे, अकरा वाजता. का हो? आवडलं ना काहीतरी?"

मावशीकडे! म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाईंकडे!

आता माझी अवस्था बघा. जिच्या मुलीला पाटल्या घालायच्या, तिच्याच घरात जाऊन त्या शोधायच्या, आणि त्या हरवल्या हे तिलाच कळू द्यायचं नाही! कळलं तर? "साखरपुड्याआधी पाटल्या घालवून बसली ती सासू माझी मुलगी काय सांभाळणार?" असं कुणीही म्हणेल. मी स्वतः असते तर दहा घरी जाऊन म्हटलं असतं.

यांना सांगितलं, साडीचा रंग ठरवायला जाते. धावतपळत एसटी गाठली. एरवी एसटीत खरे दागिने मी कधीच घालत नाही, त्यासाठी खोट्या पाटल्यांची एक जोड मुद्दाम घेऊन ठेवलेली आहे. पण आज ती शोधायची गरजच नव्हती. खोट्या हातात होत्याच! एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी मनातल्या मनात भाषण घोकत होते. "बाई, मुकाट्याने दे, नाहीतर पोलिसांत जाते." शेजारची बाई दोनदा म्हणाली, "मावशी, तब्येत बरी ना?"

धुळ्याला देवपुरात विहीणबाईंच्या दारात पोचले, तेव्हा आत पार्टी रंगात आली होती. तोच मोबाइल, तोच गोल दिवा, तीच ताटं.

"अगंबाई, विहीणबाई!" सुनंदाताई, म्हणजे माझ्या विहीणबाई, उठून उभ्याच राहिल्या. "न कळवता? सगळं ठीक ना?"

"ठीक, ठीक. म्हटलं, ऋतुजाच्या साडीचा रंग विचारावा."

"अहो, फोन करायचा!"

"फोनवर रंग नीट कळत नाही हो."

कीर्तीने मला बघितलं आणि हात जोडून हसली. काय थंड डोक्याची बाई, मी मनात म्हटलं. विहीणबाईंनी मला बरोब्बर ताटांसमोर बसवलं. आणि बसताच म्हणाल्या, "पाटल्या घालून आलात वाटतं? सासूबाईंच्या त्याच ना? ऋतुजा, ये गं, बघ तर!"

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नंतर बघू हो. थंडी फार आहे."

"थंडी? बारा वाजायला आले, पंखा लावलाय!"

"जळगावची थंडी अंगात असते. पारोळ्याला उतरत नाही."

ऋतुजा माझ्याकडे विचित्र बघायला लागली. होणारी सासू पदरात हात गुंडाळून दागिने बघते म्हटल्यावर पोरीने तरी काय समजायचं?

मी डाव्या हाताची दोन बोटं पदराबाहेर काढून ताट चाळायला सुरुवात केली. चकचकीत, चकचकीत, चकचकीत... आणि एका कोपऱ्यात ती जोड! मंद रंगाची, जुनी दिसणारी, जड. नक्षीच्या खाचांत काळपट. चोरलेलं सोनं खोट्यात मिसळून ठेवलंय! किती हुशार! पण जळगावच्या बाईच्या डोळ्यांतून सुटेल होय?

"ह्या दे बरं बघायला," मी आवाज साधा ठेवून म्हटलं.

"बघा ना काकू. हातात घालूनच बघा," कीर्ती म्हणाली आणि मोबाइलकडे वळली. विहीणबाई चहा टाकायला आत गेल्या, ऋतुजा झुमके लावून आरशासमोर. बाकीच्या बाया एका हारावर तुटून पडलेल्या.

हीच वेळ! पदराखाली पितळेच्या पाटल्या उतरवल्या, त्या ताटात सरकवल्या आणि माझ्या पाटल्या हातात चढवल्या. असं हलकं वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई, वाचवलं हो तुम्ही! आता कुणाला एक अक्षर न बोलता, चहा पिऊन, साडीचा रंग विचारून मी निघणार होते.

कीर्ती मोबाइलवर लोकांचे प्रश्न मोठ्याने वाचत होती. "मीनाताई विचारतात, झुमक्यात मोती येतील का? येतील ताई. आणि प्रियंका विचारते..." ती थांबली. मान वळवून माझ्याकडे बघितलं. "प्रियंका विचारते, 'मागे बसलेल्या लताकाकूंनी पाटल्या का बदलल्या?'"

आई गं! मोबाइल चालू होता! मी कीर्तीच्या मागे, त्या गोल दिव्याच्या बरोब्बर समोर, भर उजेडात, अख्ख्या खानदेशाला दिसत होते!

"अजून एकजण लिहितात, 'पदराखालून घेतल्या, आम्ही बघितलं.'" कीर्तीचा आवाज बारीक झाला.

विहीणबाई ट्रे घेऊन दारात. ऋतुजाच्या एका कानात झुमका, दुसरा हातात.

"ह्या माझ्याच आहेत!" मी उठून म्हटलं. "हिनेच काल..."

आणि माझा फोन वाजला. घाबरून कुठलं बटण दाबलं देव जाणे, फोन खणखणीत स्पीकरवर.

"अवं लता!" हे असे गरजले की ट्रेमधले कप थरथरले. "पाय गारठनात म्हणीसन गोधड्यासनी पेटीमाईन जुना मोजा काढा. त्यामा पाय टाकतस तं काय? कचकन टोचनं! अवं, तुन्या पाटल्या मना मोजामा शेत! मोजामा कोनी ठेवात?"

कोणी ठेवल्या? मीच!

आता ऐका. गेल्या दिवाळीत पलीकडच्या गल्लीत चोरी झाली. तेव्हा भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक निरोप फिरला, "चोर आधी मखमली डबी उचलतो. डबीत खोटे ठेवा, खरे जुन्या मोज्यात ठेवा." मला केवढं पटलं! त्याच दिवशी यांच्या लोकरी मोज्यात खऱ्या कोंबल्या, गोधड्यांच्या तळाशी घातल्या, आणि एसटीतली खोटी जोड मखमली डबीत सजवून ठेवली. चोर आलाच नाही. शेवटी ती डबी मीच उचलली.

"आयकी ऱ्हायनी का?" हे ओरडत होते.

"ऐकलं," मी म्हटलं. "अख्ख्या धुळ्याने ऐकलं." आणि फोन बंद केला.

खाली बसले. पण खरं सांगू? लाज नंतर आली. आधी आला तो सुटकेचा श्वास. एवढा लांब, की समोरच्या बाईची बट उडाली असेल. पाटल्या घरात होत्या! सासूबाईंच्या पाटल्या, यांच्या मोज्यात का असेना, घरात होत्या!

मग सगळं सांगून टाकलं. वळं, पातेलं, एसटीतलं भाषण, सगळं. कीर्तीने आधी मोबाइल बंद केला. मग शांतपणे म्हणाली, "काकू, काल तुम्ही पाटल्या माझ्या हातात दिल्या, तेव्हाच मला कळलं होतं. रोज हेच तर हाताळते मी. पण तुमच्या गल्लीतल्या वीस बायांसमोर कसं बोलणार? म्हणून म्हटलं, जपून ठेवा. मुलामा होता ना."

मला वर बघवेना.

"फक्त एक सांगते," ती ताट आवरत म्हणाली. "दुकान बंद करावं लागलं म्हणून मी घरोघर जाते. एका घरात जरी 'चोर' म्हणून ओरड झाली असती, तर दुसरं दार माझ्यासाठी उघडलं नसतं. इतकंच."

मी दोन्ही हात जोडले. "पोरी, चुकले. साफ चुकले. मोबाइल परत चालू कर, मी सगळ्यांना सांगते चोर कोण होतं ते."

आणि सांगितलं हो! गोल दिव्यासमोर बसून, नाव-गाव, मोजा, सगळं. कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. शेवटी हळूच म्हणाली, "काकू, आता त्या हातातल्या काढता का? पितळेच्याच आहेत त्या पण."

म्हणजे जळगावच्या बाईने दोन दिवसांत दोनदा पितळेला सोनं म्हटलं! आणि दुसऱ्यांदा तर आनंदाने रडलीसुद्धा!

मी विहीणबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता या म्हणणार, "साडीचा रंग राहू द्या, साखरपुडाच राहू द्या." त्यांनी ट्रे खाली ठेवला. तोंडावर पदर घेतला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. कसलं रडतात! हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अहो, गळ्यातला हा हारसुद्धा कीर्तीचाच आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "खरा तांदळाच्या डब्यात. तोच निरोप मलाही आला होता!"

मग काय, दोघी विहिणी गळ्यात पडून हसलो. साडीचा रंगही ठरला, मोरपंखी. येताना ती जुन्या रंगाची जोड मी विकत घेतली, एसटीत घालायला. आता पुढच्या महिन्यात कीर्तीची पार्टी माझ्याच हॉलमध्ये आहे, भरीत-पुरीसकट.

रविवारी निघण्याआधी हे स्वतः मोज्यातल्या पाटल्या घेऊन सराफाकडे गेले, कसोटीवर घासून आणल्या. मला बरोबर नेलंही नाही. म्हणाले, "तू नको येऊ. तुला पितळ-बितळ बठ्ठंच सोनं दिसतं."

साखरपुड्याला हॉल भरलेला. भटजींनी सांगितलं, मी ऋतुजाचा हात हातात घेतला, पाटल्या चढवल्या. फोटोवाला म्हणाला, हसा. पोरगी माझ्या पाया पडायला वाकली आणि उठताना कानाशी कुजबुजली, "आई, मोज्यातल्याच ना?"

पहिल्यांदाच तिने मला आई म्हटलं होतं. मी पाटल्यांकडे बघितलं. सोन्यासारख्या दिसत होत्या. पण आता माझा काय भरवसा? मी हळूच मान वळवून यांच्याकडे बघितलं. यांनी मान डोलावली.

तेव्हा कुठे म्हटलं, "हो गं बाई, मोज्यातल्याच."